भोंवपाक गेलेली फाइल

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी वाचते ते कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत वेळ जावा म्हणून. वाचते आणि हसते. पांढरी साडी, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई, मागे वळून बघितलं तर कोणी नाही... आमच्या आजऱ्याकडे असल्या गोष्टी पोत्याने मिळतात. मी कॉम्प्युटर शिकलेली बाई. ‘याला काही कारणच नाही हो’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. कारण असतंच, तुम्ही नीट शोधलेलं नसतं. माझा नवरा म्हणतो, तुला भूत भेटलं तर तू त्याला आधी रीस्टार्ट करून बघायला सांगशील.

तर आता मीच लिहायला बसले आहे. हसा, तेवढा हक्क आहे तुमचा.

मी साखळीजवळच्या एका हायर सेकंडरीत कॉम्प्युटर शिकवते. शाळेचं नाव देत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. नवरा डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला, त्यामुळे अकरा वर्षांपूर्वी आम्ही गोव्यात आलो. कोंकणी मला सगळी समजते. बोलायला गेले की पोरं तोंडावर हात ठेवतात, म्हणून मी वर्गात मराठीतच बोलते आणि ती मला कोंकणीत उत्तरं देतात. आमचं छान चालतं.

लॅब पहिल्या मजल्यावर आहे. सोळा मशीन्स, भिंतीत दोन जनेलं (खिडकीला इथे सगळे जनेलच म्हणतात), त्यातल्या एकातून कारापूरला जाणारा रस्ता दिसतो. कोपऱ्यात एक टेबल आणि एक जुनं लाकडी कदेल, म्हणजे खुर्ची. ते टेबल, त्यावरचं सतरावं मशीन आणि ते कदेल शांबासरांचं.

शांबासर आमचे लॅब असिस्टंट. मूळचे पेडण्याकडचे, पण सगळं आयुष्य इकडे डिचोली तालुक्यात गेलेलं. आधी ते खाणीच्या ऑफिसात कारकून होते. खाणी बंद झाल्या तेव्हा एके दिवशी सकाळी गेले तर ऑफिसला कुलूप. आत त्यांच्या टेबलाच्या काचेखाली मुलीने बालवाडीत असताना काढलेलं एक चित्र होतं. ते आत राहिलं ते राहिलंच. पुढे ते टेबल कुठे गेलं, काच कुठे गेली, कोणालाच माहीत नाही. नोकरी गेल्याचं ते कधी बोलायचे नाहीत, त्या चित्राचं मात्र दर दोन महिन्यांनी काढायचे. आणि शेवटी एकच वाक्य ठरलेलं, ‘एक हांगा, एक थंय.’ एक इथे, एक तिथे. कुठलीही गोष्ट दोन जागी ठेवावी. कॉम्प्युटरचं त्यांचं शिक्षण म्हणाल तर तेवढंच, पण तेवढ्यावर त्यांनी आमची लॅब मुठीत ठेवली होती.

आता थोडं टेक्निकल, कंटाळू नका. लॅबच्या प्रत्येक मशीनवर ‘विद्यार्थी’ नावाचा एक फोल्डर असतो आणि तो शाळेच्या ऑनलाइन खात्याला जोडलेला असतो. कुठल्याही मशीनवर काही सेव्ह केलं की ते वर जातं आणि बाकीच्या पंधरा मशीन्सवर आपोआप उतरतं. याला सिंक म्हणतात. सिंक चालू असताना कोपऱ्यात दोन गोल बाण फिरतात, झालं की हिरवी टिकमार्क येते. सर तिला ‘तिकली’ म्हणायचे. दीड वाजता शाळा सुटली की ते एकेका मशीनपुढे उभे राहायचे, बाण फिरायचे थांबून तिकली आली की मगच ते मशीन बंद करायचे. सोळाच्या सोळा. मी पर्स खांद्याला लावून दारात उभी, बस चुकायची वेळ, आणि हे आपले बघत उभे. वर प्रत्येक मशीनला हाताने थोपटून म्हणायचे, ‘येतां हां.’ जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. आपल्याकडेही तसंच म्हणतात, पण आपण माणसांना म्हणतो.

कोणाची फाइल सापडली नाही, पोरगं रडवेलं झालं, की सर ती ‘गेली’ असं कधी म्हणायचे नाहीत. ‘खंय वता ती? भोंवपाक गेल्या. येतली,’ म्हणायचे. म्हणजे जाते कुठे, फिरायला गेलीय, येईल. आणि खरंच पाच मिनिटांत कुठल्यातरी कोपऱ्यातून ती काढून द्यायचे, कारण दर शनिवारी ते सगळ्या फोल्डरांची एक वेगळी कॉपी स्वतःच्या लॉगिनमध्ये ठेवायचे. एक हांगा, एक थंय.

त्यांची अजून एक पद्धत होती आणि तिच्यावरून आमची वादावादी व्हायची. पोरांचे फोल्डर ते घराच्या नावाने करायचे. इथे एका वर्गात चार गावस, पाच नाईक, आणि त्यात नावंही तीच तीच. म्हणून सरांचे फोल्डर असे, ‘रोहन आंब्याकडलो’, ‘सिद्धी देवळाफाटली’, ‘दीक्षा बाजारातली’, ‘दीक्षा बांयकडली’. बांय म्हणजे विहीर. मी म्हणायचे, ‘सर, हा डेटा आहे, हळदीकुंकवाची यादी नाही.’ ते हसायचे आणि तसंच ठेवायचे.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत सर गेले. झोपेतच. सुट्टीनंतर लॅब उघडली तेव्हा आधी त्यांचं मशीन चालू करायला गेले, तर ते चालूच होईना. हार्ड डिस्क पूर्ण बसली होती, आत काय होतं तेही वाचता आलं नाही. मीच ती काढून कपाटात ठेवली. मशीन नुसतं रिकामं खोकं म्हणून टेबलावर राहिलं. डिसेंबरात प्रिन्सिपलसरांचं पत्र घेऊन त्यांचं लॉगिनही मीच बंद केलं. हे मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

आणि मग मी शहाणपणा केला. घरांची नावं काढून टाकली. प्रत्येकाला सांगितलं, आपापल्या फोल्डरला रजिस्टरात आहे तसं इंग्रजी नाव द्या. झालं, लॅब एकदम प्रोफेशनल! शनिवारची वेगळी कॉपीही बंद केली. म्हटलं, सिंक आहे ना, मग कशाला दुप्पट काम? हे मी बोलले, मी, जी दरवर्षी पोरांना शिकवते की सिंक वेगळं आणि बॅकअप वेगळा. बॅकअप म्हणजे शेजारणीकडे ठेवलेली जास्तीची किल्ली. सिंक म्हणजे आरसा, इकडचं कुंकू पुसलं की तिकडचंही पुसलं.

जानेवारीत अकरावीला लोककलेचा प्रोजेक्ट होता. इथे पौषात बायका धालो खेळतात, अंगणातल्या मांडावर, म्हणजे खेळाच्या ठरलेल्या जागेवर, समोरासमोर दोन रांगा करून गातात, नाचतात. पोरांनी घरातल्या कोणाकडून तरी एक गाणं रेकॉर्ड करून आणायचं आणि त्यावर दोन पानं लिहायची. मी नियम घातले. आवाज स्वच्छ पाहिजे, फाइल लहान पाहिजे, मागेपुढे बडबड नको, फक्त गाणं ठेवा, बाकीचं कापून टाका.

दीक्षा (सरांच्या भाषेत बांयकडली) कारापूरहून यायची. शांत, शेवटून दुसऱ्या बाकावर. तिने आईचं गाणं आणलं होतं. आई स्वयंपाकघरात एकटीच गात होती. धालो एकटीने म्हणायचे नसतात, लाज वाटते, असं ती म्हणत होती, हे दीक्षानेच दोन पानांत लिहिलं होतं. मी दहापैकी साडेआठ दिले.

मे महिन्यात दीक्षाची आई गेली. डोक्यात रक्तस्राव झाला, तीन दिवस बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात, आणि संपलं. चाळिशीची बाई. सुट्टी होती, मला जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर कळलं.

त्याच जूनमध्ये ऑनलाइन खात्याकडून ईमेल यायला लागल्या की जागा भरत आली आहे. नवीन वर्ग येणार, म्हणून एका दुपारी मी साफसफाईला बसले. डोक्यात शंभर कामं. एकेक फोल्डर बघत गेले. मुलं दोन-दोन फोल्डर करून ठेवतात, तो त्यांचा जुना रोग. एक दीक्षा गावस दिसली, स्पेलिंग डी-आय-के-एस-एच-ए. तिच्याखाली आणखी एक दीक्षा, डी-आय-एक्स-ए. आडनावही गावसचंच दुसरं स्पेलिंग. आत बघितलं, दोन्हीकडे ‘धालो प्रोजेक्ट’, कारण फाइलचं नाव मीच ठरवून दिलेलं. मी म्हटलं, काय ही पोरगी, स्वतःच्या नावाचं स्पेलिंग चुकली आणि परत नवीन फोल्डर केला! एक्सवाली उडवली. जागा लगेच मोकळी व्हावी म्हणून कचराही रिकामा केला.

गोव्यात ‘श’ला, ‘क्ष’लाही एक्स लिहितात. पोर्तुगीज काळापासून. दुकानांच्या पाट्यांवर आहे, बसच्या बोर्डांवर आहे, दीक्षाच्या जन्मदाखल्यावर आहे. अकरा वर्षं रोज बघतेय मी ते. सरांनी ठेवलेली नावं असती तर एक बाजारातली आणि एक बांयकडली, आंधळ्यालाही कळलं असतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

जुलैत एक दिवस शाळा सुटल्यावर दीक्षा लॅबच्या दारात आली. आत येईना. मी विचारलं तेव्हा म्हणाली, मिस, माझा धालोचा प्रोजेक्ट पाहिजे होता, पेन ड्राइव्ह आणलाय. मोबाईलमध्ये नाही का, विचारलं, तर मोबाईल मे महिन्यात हॉस्पिटलच्या धावपळीतच हरवला म्हणाली. आईचे फोटो आहेत घरी. आवाज मात्र तेवढ्या एकाच फाइलमध्ये.

मग खाली बघून म्हणाली, “मिस, आईचो आवाज आठवना म्हाका. तोंड आठवता. आवाज आठवना.”

आईचा आवाज आठवत नाही. अठरा वर्षांच्या आतली पोर, आणि आई जाऊन दोन महिने.

मी फोल्डर शोधायला लागले आणि दुसऱ्या मिनिटाला मला कळलं की मी काय करून बसले आहे. आणि मी खोटं बोलले. म्हटलं, सर्व्हर जरा स्लो आहे गं, उद्या-परवा देते. ती ‘बरें’ म्हणून गेली.

पुढचे आठ दिवस मी लॅबमध्ये काय नाही केलं! सोळाही मशीन्स शोधली. सिंकने आपलं काम चोख केलेलं, सगळीकडून पुसलेलं. फाइल परत आणून देणारी तीन सॉफ्टवेअर चालवली. ऑनलाइन खात्याच्या कंपनीला लिहिलं, त्यांचं गोड उत्तर आलं की कायमचं डिलीट केलेलं परत मिळत नाही. माझ्या लॅपटॉपवर, मार्कांच्या सीडीवर, कुठेच नाही. दीक्षा रोज दीड वाजता दारात उभी राहायची. माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की जायची. मला जेवण जाईना. नवऱ्यावर खेकसले, भाजीवालीवर खेकसले. स्वतःवर खेकसता येत नाही ना.

नवव्या दिवशी मी ठरवलं, बास, आता खरं सांगायचं. उद्याच सांगायचं.

त्या दुपारी शाळा सुटली, दीक्षा येऊन मान बघून गेली. लाईट गेलेली होती. पाऊस नव्हता, नुसतंच ढगाळ. लॅब सगळी बंद, फक्त माझं एक मशीन यूपीएसवर चालू, ते टीं टीं करत होतं. राउटरचे दिवेही गेलेले, म्हणजे इंटरनेट नाही. मी ते बंद करायला उठले आणि का कोणास ठाऊक, जाऊन शांबासरांच्या कदेलावर बसले. तिथे आम्ही कोणी बसत नाही. समोर ते रिकामं खोकं. आणि मला रडू आलं. मी मोठ्याने रडणारी बाई नाही, पण रडले. आणि बोलले. कोणाला बोलतेय हे माहीत असून बोलले, हे आता कबूल करते.

म्हटलं, “सर, चुकलं माझं. तुमचं ऐकलं नाही. त्या पोरीची आई मी पुसली.”

काही झालं नाही हो. जनेल वाजलं नाही, गार वारा आला नाही. मी नाक पुसलं, उठले, माझ्या मशीनकडे गेले, माऊसवर हात ठेवला... आणि कोपऱ्यात बाण फिरत होते. सिंकचे दोन गोल बाण.

माझा पहिला विचार काय आला सांगू? म्हटलं, हँग झालंय. कारण नेट नव्हतं. मान वळवून राउटर बघितला, काळाठिक्कर. मोबाईलवरून जोडलंय का बघितलं, मोबाईल पर्समध्ये, डेटा बंद. बाण आपले फिरताहेत. घाईने नाही, सवडीने. मी पर्स खांद्याला लावून उभी. मी अशीच उभी असायचे, दीड वाजता, दारात. या वेळी मी हलले नाही. वाट बघितली.

हिरवी तिकली आली.

‘विद्यार्थी’ फोल्डर उघडला. सगळी माझी इंग्रजी नावं ओळीने, आणि सगळ्यात खाली देवनागरीत एक, ‘दीक्षा बांयकडली’. आत एकच ऑडिओ फाइल. शेजारी, फाइल कोणी ठेवली ते दाखवणाऱ्या रकान्यात, शांबासरांचं नाव.

मी फाइल लावली. एका बाईने घसा खाकरला, बांगड्या वाजल्या. दोन सेकंद. मी लगेच थांबवली. ते ऐकायचा पहिला हक्क माझा नव्हता. पर्समध्ये एक पेन ड्राइव्ह होता, टेबलाच्या खणात एक होता, दोन्हींवर कॉपी केली. दुसरा पेन ड्राइव्ह तीनदा उलटा घातला. मग यूपीएस बसला आणि मशीन आपोआप बंद पडलं.

घरी गेले. नवऱ्याला काही सांगितलं नाही. पाच पाच मिनिटांनी पर्समध्ये हात घालून पेन ड्राइव्ह आहे ना बघत होते.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता दीक्षा आली, तेव्हा मी मान हलवली नाही. ये म्हटलं, बस. हेडफोन दिला. फाइल लावली आणि मी जनेलापाशी जाऊन कारापूरच्या रस्त्याकडे बघत उभी राहिले. पाठ केली तिच्याकडे. मग तिने हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज आला आणि तिने फाइल थोडी मागे नेऊन स्पीकरवर लावली.

गाणं संपत आलं होतं. शेवटची ओळ, थोडी दम लागलेली. मग थोडं हसू. आणि मग ती बाई नुसती बोलली.

“जालें मगे? बंद कर तें. केस पूस पयलीं, थंडी जातली. आनी जेवून घे गे, हांव मांडार वचून येतां.”

म्हणजे झालं ना गं, बंद कर ते. आधी केस पूस, सर्दी होईल. आणि जेवून घे, मी मांडावर जाऊन येते. एवढंच. कोणतीही आई कोणत्याही संध्याकाळी बोलते तेवढंच.

दीक्षा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “मिस, हें हांवें कापिल्लें.”

मला कळेना. ती सांगायला लागली. हा शेवटचा भाग तिने कापला होता. घरी, मोबाईलवरच, शाळेत आणण्याआधी. मी सांगितलं होतं ना, बडबड नको म्हणून. शाळेत तिने आणलं ते नुसतं गाणं. मी दोनदा विचारलं, तीनदा विचारलं, नीट आठव, आधी सगळं आणून मग इथे कापलं असशील. नाही म्हणाली. मोबाईलवर कापलं, घरात चुलीपाशी बसून, आणि कापलेलं वाचवून ठेवलं नाही याचंच तिला मे महिन्यापासून लागून राहिलं होतं. गाण्यातला आवाज तो वेगळाच, मिस, म्हणाली. तो गाण्याचा आवाज. तिला हवा होता तो हा.

मी खुर्चीवर बसले. मला आता खरं न सांगताही चाललं असतं. फाइल मिळाली होती, पोर खूश होती, कोणाला काय कळणार? पण त्या ‘केस पूस’नंतर खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. सगळं सांगितलं. एक्सचं स्पेलिंग, डिलीट केलेलं, कचरा रिकामा केलेला, आठ दिवस खोटं बोललेलं, आणि ही फाइल कशी आली तेही. मग म्हटलं, “दीक्षा, मी तुझ्या आईचा आवाज घालवला होता गं. माझ्या हातून गेला होता.”

ती स्क्रीनवरचं फोल्डरचं नाव बघत होती. सर तिला वर्गात बांयकडलीच म्हणायचे, म्हणाली. ती विहीर तर बुजवून कितीतरी वर्षं झाली, आता म्हाताऱ्यांशिवाय कोणी त्या नावाने ओळखत नाही. तिने बोटाने ते नाव स्क्रीनवर पुसल्यासारखं केलं. मग डोळे पुसले.

“गेल्लो ना मिस,” म्हणाली. “भोंवपाक गेल्लो. आयलो.”

गेला नव्हता. फिरायला गेला होता. आला. मी तिला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी रडलो. तिची बस चुकली. मी तिला रिक्षाने कारापूरला सोडून आले.

आता तुमच्यातले माझ्यासारखे जे असतील त्यांच्यासाठी. माझा चुलतभाऊ पुण्याला आयटीत आहे, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, सोपं आहे, मेलेल्या माणसाच्या लॉगिनमध्ये जुनी कॉपी असणार, ती खाली आली. मी म्हटलं, सर दिवाळीत गेले, गाणं जानेवारीतलं. तो म्हणाला, मग त्यांचा पासवर्ड कोणीतरी वापरला. मी म्हटलं, लॉगिनच डिसेंबरात बंद केलंय. आणि वापरला तरी जी फाइल मोबाईलच्या बाहेर कधी आलीच नाही ती कोणी कुठून टाकली? आणि नेट नव्हतं रे. त्यावर त्याने विचारलं, ताई, झोप नीट होते ना? ते रकान्यातलं नाव अजून तसंच आहे. कोणी साखळीला आलात तर दाखवेन. मी स्वतः दोन वर्षं डोकं लावतेय, माझ्याकडे उत्तर नाही. हे वाक्य लिहायला मला किती जड जातंय ते माझ्या नवऱ्याला विचारा.

फोल्डरांना मी घरांची नावं परत दिली. एक अख्खा तास त्यात गेला, कारण निम्म्या पोरांना आपल्या घराला काय म्हणतात हेच माहीत नव्हतं, घरी विचारून यावं लागलं. शनिवारची वेगळी कॉपी परत चालू केली. दीड वाजता सोळा मशीन्सपुढे उभी राहते, तिकली येईपर्यंत. बस रोज चुकते. आणि हो, म्हणते ‘येतां हां’. नवीन पोरं हसतात, हसू देत.

दीक्षा आता कॉलेजला जाते. गेल्या महिन्यात साखळीच्या बाजारात भेटली, हातात उंड्यांची, म्हणजे इथल्या पावांची, पिशवी. मी विचारलं, ते ऐकतेस का गं अजून? मला वाटलं, रोज म्हणेल. ती म्हणाली, सुरुवातीला ऐकायची, आता बरेच दिवसांत लावलं नाही. फाइल आहे, दोन जागी आहे. मी म्हटलं, का गं, मग लावत का नाहीस?

“गरज ना मिस,” ती म्हणाली. “आतां आठवता.”

मग तिची बस आली. चढताना हात हलवून ती म्हणाली, येतां हां, मिस. मी म्हटलं, ये.